हवेची चादर

सूर्यापासून पृथ्वी सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. चंद्रही तेवढाच लांब. कधी तो आपल्यापेक्षा चार लाख किलोमीटर अलीकडे असतो, कधी पलीकडे. पण १५ कोटींच्या व्यवहारात ही चिल्लर, धरली काय नि सोडली काय. म्हणजे दोघांच्या अंगणात पडणारं ऊन सारखंच. तरीही चंद्राच्या विषुववृत्तावर भर दुपारी पारा १२० अंश सेल्सिअसला टेकतो आणि त्याच जागी पहाटेपूर्वी उणे १३० पर्यंत उतरतो. इकडे पृथ्वीचं, सगळे देश, समुद्र, दिवस, रात्री एकत्र धरून, सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास. एकाच चुलीपुढे दोघे बसलेले. एक आधी होरपळतो, मग गोठतो, आणि दुसरा गप्पा मारतोय. असं का?

चंद्राचा दिवस आपल्या जवळजवळ पंधरा दिवसांचा असतो आणि रात्रही तेवढीच, हे खरं. तापायलाही भरपूर वेळ आणि निवायलाही. पण एवढ्यानं हिशोब पुरा होत नाही. खरं कारण असं की चंद्राच्या अंगावर हवेची चादर नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, विज्ञान त्याआधीच सुटलं. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण चंद्र आणि शुक्र ही आम्हा कवींची वहिवाटीची जमीन. ज्या जमिनीचं पीक इतकी वर्षं खाल्लं, तिची माती कधी तपासली नाही, हे बरं नव्हे. चंद्राची माती तर आपल्याच माणसांनी तपासली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चं ‘विक्रम’ दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं आणि त्यातल्या ‘चास्टे’ नावाच्या उपकरणानं जमिनीत सळई खुपसून तापमान घेतलं. वरच्या मातीत पन्नास अंशांच्या पुढे आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहा! वीतभरसुद्धा नाही हो, चार बोटांच्या अंतरात उन्हाळाही आणि हिवाळाही. ती भुसभुशीत माती उष्णता आत जाऊ देत नाही, आणि ही उष्णता इकडून तिकडे वाहून न्यायला वर वाराही नाही.

आता एक साधी गोष्ट. भाकरी झाल्यावर तवा चुलीवरून उतरवून ठेवला, की त्याच्या बाजूला तळहात धरून बघा. तवा काळाच दिसतो, पण हाताला धग लागते. गरम हवा तर वर जाते, मग बाजूला धग कशी? तवा प्रकाश सोडत असतो, फक्त तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला शास्त्रज्ञ अवरक्त किरण म्हणतात. जी वस्तू जेवढी तापलेली, तेवढा ती जास्त प्रकाश सोडते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, म्हणून त्याचा प्रकाश दिसतो. पृथ्वीचा न दिसणारा, पण तीही रात्रंदिवस सोडत असतेच. सूर्याकडून येते ती जमा, आणि आकाशात सोडते तो खर्च. जमा जास्त झाली की ग्रह तापतो, तापला की खर्च वाढतो, आणि एका ठिकाणी दोन्ही बाजू जुळतात. ते जुळण्याचं ठिकाण म्हणजे त्या ग्रहाचं तापमान.

पृथ्वीचा जमाखर्च मांडून झालेला आहे. गोल पृथ्वीवर, रात्र धरून, ऊन सारखं वाटलं तर दर चौरस मीटरला ३४० वॅट येतं. त्यातलं तीस टक्के ढग, बर्फ, वाळू परत फेकतात. उरलं २४०. एवढंच परत सोडायचं तर पृथ्वीचं तापमान उणे १८ अंश पुरे. मग १५ अंश कसं? मधले ३३ अंश कुणी दिले?

माझं लहानपण सोलापूरकडच्या एका गावात, माळवदाच्या घरात गेलं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात सगळं घर वर झोपायला. संध्याकाळी अब्बा माळवदावर पाणी शिंपडायचे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या, चांदण्यांनी गच्च भरलेल्या रात्री पहाटे चादर ओढावी लागे. आणि मेअखेरीस वळिवाचे ढग येऊन थांबले, की सूर्य बुडून चार तास झाले तरी वरून कुणी गरम श्वास सोडतंय असं वाटायचं. दादी म्हणायची, “आसमान आज बंद है.” शास्त्र याहून फार वेगळं सांगत नाही. निरभ्र, कोरड्या रात्री माळवदाची धग वाटेत फारशी न अडता आकाशात निघून जाते. ढग आणि दमट हवा असली की ती धग वर झेलली जाते आणि तिच्यातली बरीचशी खाली परत पाठवली जाते. थंडीत निफाडकडे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि रत्नागिरीला लागत नाहीत, त्यात समुद्राच्या शेजाराइतकाच हवेतल्या ओलाव्याचाही हात आहे.

हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन. शंभरातले ९९ भाग हेच दोघे, आणि गंमत म्हणजे या कामात दोघेही बिनकामाचे. ऊन त्यांच्यातून खाली येतं आणि धगही त्यांच्यातून वर जाते. धग अडवतात ते मूठभर बाकीचे: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे. हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? पाठ्यपुस्तकांत जॉन टिंडल यांचं नाव असतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९ साली त्यांनी पितळेच्या लांब नळीत वेगवेगळे वायू भरून त्यांतून धग सोडली. नळीच्या तोंडांना काच लावून चालत नव्हतं, कारण काच स्वतःच धग अडवते. म्हणून त्यांनी मिठाच्या पारदर्शक चकत्या लावल्या. आपलं सैंधव म्हणतात ना, त्याच जातीचं खनिज मीठ.

पण त्याच्या तीन वर्षं आधी, १८५६ मध्ये, अमेरिकेत यूनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून, आत तापमापक ठेवून ती उन्हात मांडली होती. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि सावलीत आणल्यावर निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. त्यावरून त्यांनी लिहून ठेवलं की एखाद्या काळी पृथ्वीच्या हवेत हा वायू जास्त असेल, तर तेव्हा पृथ्वीही जास्त तापलेली असली पाहिजे. ऊन आणि धग वेगवेगळी करून मोजण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं, ते काम टिंडल यांनी केलं. पण निष्कर्ष बाईंचा अचूक होता. ऑल्बनी इथल्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांचा निबंध त्यांनी वाचलाच नाही, जोसेफ हेन्री या नामवंत शास्त्रज्ञांनी वाचला. पुढे दीडशे वर्षं त्यांचं नाव कुणी काढलं नाही. २०११ साली एका संशोधकानं जुनी पानं चाळताना ते शोधलं. या बाई १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी होत्या, हेही सांगून ठेवतो.

या साऱ्याला मराठीत ‘हरितगृह परिणाम’ म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. फुलांच्या शेतीसाठी उभारलेलं पॉलिहाऊस मुख्यतः गरम हवा कोंडून ठेवतं. बाजूचा पडदा वर केला की गरमी निघून जाते. ग्रहाच्या हवेचं काम तसं नाही. चादर हा शब्द जवळचा, पण तीही वारा अडवते, धग उधार ठेवत नाही. शब्द आता रुळला आहे, त्याला हलवता येणार नाही. आत काय चालतं तेवढं बघू.

जमिनीची धग थेट आकाशात फारशी जात नाही. जवळची हवा ती झेलते, चारी बाजूंना सोडते. वरचा थर झेलतो, तोही सोडतो. असं हातोहात वर जात जात, सरासरी पाच किलोमीटर उंचीवर हवा एवढी विरळ होते की धगीची सुटका होते. खर्चाची खिडकी जमिनीवर नाही, तिथे वर आहे. आता, वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की गारवा लागतो, हे आपण जाणतोच. सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश उतरतात. त्या पाच किलोमीटरवरच्या खिडकीशी तापमान आहे उणे १८. म्हणजे जमाखर्च तिथे जुळला! तिथून खाली पाच किलोमीटर उतरा, साडेपाच साती नव्हे, साडेसहा पंचे साडेबत्तीस, आणि जमिनीवर १५ च्या जवळ येऊन पोचा. हवेत धग झेलणारे वायू वाढले की खिडकी आणखी वर सरकते. वर थंडी जास्त, थंड थर कमी खर्च करतो, जमा तेवढीच राहते, आणि खालपासून वरपर्यंत सगळी हवा तापू लागते, पुन्हा मेळ बसेपर्यंत.

हा घाट डोळ्यांपुढे ठेवला की शुक्र समजतो.

आमच्याकडे शुक्राला जोहरा म्हणतात. दादीच्या गोष्टीत ती जमिनीवरची एक अतिसुंदर बाई होती, आकाशात गेली आणि तारा झाली. रमजानमध्ये सहरीच्या वेळी ती पूर्वेला दिसली की दादी बोट दाखवायची. मराठीतही शुक्राची चांदणी म्हणजे सौंदर्याची परमावधी. ती एवढी लखलखते याचं कारण तिचे ढग. पडलेल्या उन्हातलं सुमारे तीन चतुर्थांश ते परत फेकतात. शुक्र सूर्याच्या जवळ आहे, १०.८ कोटी किलोमीटरवर, त्यामुळे ऊन आपल्या जवळजवळ दुप्पट. पण एवढं परत फेकल्यावर त्याच्या पदरात पृथ्वीपेक्षाही कमी पडतं. नुसत्या जमाखर्चानं त्याचं तापमान उणे ४० च्या आसपास असायला हवं. आहे किती? ४६५ अंश. शिसं ३२७ अंशांना वितळतं. सूर्याला खेटून, ५.८ कोटी किलोमीटरवर फिरणारा बुध दुपारी ४३० ला थांबतो आणि रात्री उणे १८० ला उतरतो. शुक्रावर एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत आपले ११७ दिवस जातात, म्हणजे रात्र दोन महिन्यांची. पण त्या रात्रीतही काही निवत नाही.

कारण त्याची हवा. शंभरातले साडेशहाण्णव भाग कार्बन डायऑक्साइड, आणि दाब आपल्या नव्वदपटीहून जास्त. समुद्रात नऊशे मीटर खोल बुडी मारल्यासारखा. धगीची सुटका होते ती साठ-पासष्ट किलोमीटर उंचीवर. तिथे उणे ४० च आहे. आपला घाट पाच किलोमीटरचा, शुक्राचा साठहून जास्त. दर किलोमीटरला आठेक अंश चढत खाली उतरलात की भट्टीत पोचता. आणि ते लखलखते ढग गंधकाम्लाचे आहेत. जोहराबद्दल मी तरुणपणी बरंच लिहिलं आहे, ते मागे घेत नाही. पण आता लिहिताना हात जरा सावकाश चालतो.

हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित १८९६ साली ज्यांनी पहिल्यांदा मांडलं ते स्वीडनचे अऱ्हेनिअस, त्यांनीच पुढे १९१८ मध्ये शुक्र हे दलदलीचं, ओलं, हिरवं जग असावं असं लिहिलं! ढग दिसतात म्हणजे पाऊस असणार, एवढंच त्या काळी समजत होतं. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या नौदलाच्या प्रयोगशाळेनं शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या तेव्हा प्रथम शंका आली. १९६२ च्या डिसेंबरात मरिनर-२ जवळून गेलं आणि शंका पक्की झाली. १५ डिसेंबर १९७० ला रशियाचं व्हेनेरा-७ उतरलं आणि जमिनीवरून वीसेक मिनिटं बोलून गप्प झालं. १९८२ चं व्हेनेरा-१३ दोन तास सात मिनिटं टिकलं. नारिंगी उजेडात चपटे दगड, एवढंच त्या चित्रांत दिसतं.

मंगळाची गोष्ट लवकर उरकतो. त्याची हवाही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडचीच, आणि दर चौरस मीटरमागे तो वायू पृथ्वीपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. तरी मंगळ उणे ६० च्या आसपास थंडगार. चादर पाचेक अंशांचीच ऊब देते. हवेचा दाब आपल्या शंभराव्या भागाहूनही कमी. दाब कमी असला की वायूच्या जाळ्याची भोकं मोठी राहतात आणि धग त्यांतून निसटते. शिवाय जोडीला पाण्याची वाफ नाही. वायूचं नाव कळलं म्हणून तापमान कळत नाही, किती आणि कशा दाबाखाली आहे तेही विचारावं लागतं. आणि हवा नेहमी तापवतेच असंही नाही. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं गंधकाचे कण उंच हवेत उधळले, त्यांनी ऊन परतवलं, आणि पुढच्या वर्षी पृथ्वी जवळजवळ अर्धा अंश निवली.

मग शुक्रावर एवढा कार्बन डायऑक्साइड, आपल्याकडे का नाही? आपल्याकडेही जवळजवळ तेवढाच आहे. तुमच्या पायाखाली आहे. महाराष्ट्रात जुन्या घरांतून, वाड्यांच्या ओसऱ्यांतून शहाबादी फरशी असते. ती चुनखडीची. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी ती साचली. पावसानं हवेतला हा वायू धुऊन आणला, खडक झिजवले, नद्यांनी सारं समुद्रात नेलं, आणि तिथे त्याचा दगड झाला. उन्हाळ्याच्या दुपारी ज्या गार फरशीवर आपण चटई टाकून लवंडतो, त्या फरशीत शुक्राची भट्टी कोंडून ठेवलेली आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चुन्याच्या भट्टीत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं, सिमेंटच्या कारखान्यांत आज कितीतरी पटींनी चालतं. कोळसा आणि तेल जाळण्याचा वाटा तर त्याहून फार मोठा.

कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख कणांत हा वायू २८० होता. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आज ४२० च्या पुढे. लोक विचारतात, दहा हजारांत चार कण, त्यांनी काय होणार? बादलीभर पाण्यात नीळ किती थेंब घालता? बाकीचं पाणी रंगाच्या बाबतीत बिनकामाचं असतं, म्हणून त्या थेंबांना किंमत. दुसरा प्रश्न जास्त चांगला: सूर्यच तापला नसेल कशावरून? सूर्य तापला असता तर हवेचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या वरची निवते आहे. असंच होईल हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणितानं सांगितलं होतं. मानाबेंना २०२१ चं नोबेल मिळालं.

२०२४ हे साल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून थोडं जास्त तापलेलं निघालं. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण हवेची ही चादर उन्हासारखी दुपारपुरती नसते, ती रात्रभर पांघरलेली असते. हवामान खात्याच्या भाषेत आता ‘उष्ण रात्र’ असा वेगळा इशारा असतो: दिवसा चाळीसच्या वर पारा आणि रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त. शहरात सिमेंटच्या स्लॅबची धग वेगळी, ती कार्बनच्या खात्यात घालू नये. तरी यंत्रमागाच्या खात्यात बारा तास उभा राहून आलेला माणूस पत्र्याखाली झोपतो, तेव्हा त्याला ही दोन खाती वेगळी करता येत नाहीत. दिवसाच्या उन्हाचं शरीराला रात्री फेडायचं असतं. रात्र निवली नाही तर ते देणं दुसऱ्या दिवसावर चढतं.

पृथ्वीचा शुक्र होईल का? कोळसा-तेल जाळून तेवढं होणार नाही, असं जाणकारांचं मत आहे. शुक्रावर एकेकाळी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी असावं. १९७८ मध्ये पायोनियर-व्हीनस यानानं त्याच्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीपेक्षा शंभरपटीहून जास्त मोजलं; हलका हायड्रोजन अवकाशात उडून गेला, जड मागे राहिला. पाणी गेलं, पाऊस गेला, म्हणून दगड बनवणारं कुणी उरलं नाही. हे केव्हा घडलं आणि तिथे खरोखर समुद्र होते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं इस्रोच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली, उड्डाणासाठी मार्च २०२८ चा मुहूर्त धरलेला आहे. ते यान खाली उतरणार नाही. भोवती फिरत वरून ती हवा तपासत राहील.